दादासाहेबांची विश्वशांती

जगात शांतता नांदावी याची आमच्या चामोर्शीत एकाच माणसाला काळजी होती, आणि त्या माणसाचा खाकरण्याचा आवाज आला तरी त्याच्या घरचे गडी हातातलं काम टाकून भिंतीला चिकटून उभे राहत. दादासाहेब आमच्या भागातले जुने मालगुजार. मालगुजारी कायद्याने गेली, पण रुबाब कायद्याच्या हाती लागला नव्हता. नागपूरला कॉलेजात काही दिवस काढून ते परत आले होते आणि तेव्हापासून पुस्तकातल्यासारखं बोलत. गावातला पहिला बॅटरीवरचा रेडिओ त्यांच्याच ओसरीवर आला. संध्याकाळी तो लागला की हेडमास्तर, बाजारातले दोन-तीन दुकानदार आणि कधी आलेच तर तालुक्याचे कुणी साहेब तिथे जमत. त्या दिवसांत कोरियात लढाई चालली होती. कोरिया कुठे आहे हे ओसरीवर कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि दादासाहेबांनाही नसावं, कारण ते दरवेळी वेगळ्या दिशेला हात करत. तरी बातम्या संपल्या की अडकित्त्याने सुपारी कातरत ते दोन्ही फौजांची चूक काय झाली ते समजावून सांगत. त्यातूनच एक दिवस विश्वशांती मंडळ निघालं. पावसाळ्यात वैनगंगा फुगली की पलीकडे जायला डोंग्याशिवाय काही नसलेल्या आमच्या गावाने महासत्तांना उद्देशून ठराव करायला सुरुवात केली.

ठरावांची भाषा दादासाहेबांची. बहुतेक ठरावांत 'दोन्ही बाजूंनी संयम राखावा' हे वाक्य असेच. एका ठरावात मात्र त्यांनी जरा जोर केला होता. लढाई थांबल्यावर कैद्यांचं काय करायचं हा पेच पडला, तेव्हा आमच्या मंडळाने एकमताने म्हटलं की कोणत्याही कैद्याला त्याच्या मर्जीविरुद्ध परत पाठवू नये, प्रत्येकाला त्याची इच्छा विचारावी. बाबांनीही हात वर केला होता. बाबांचं मंडळात असणं म्हणजे काय, तर आमचं पोह्यांचं दुकान दादासाहेबांच्या जागेवर होतं. त्यांनी बोलावलं की बाबा जात, सगळ्यांत मागे बसत आणि सगळ्यांत आधी हात वर करत.

आमचं घर दुकानाच्या मागेच. सकाळ ढेकीच्या आवाजाने सुरू व्हायची. भिजवलेलं धान भट्टीवर खरपूस भाजायचं आणि गरम असतानाच ढेकीखाली घालायचं. लाकडाचा तो लांब दांडा आई एका टोकाने पायाने दाबी, दुसरं टोक धप्पकन खाली पडे, आणि मी हात वाचवत उखळातले पोहे सारखे करी. धप्प, मग आईच्या बांगड्या, मग पुन्हा धप्प. माझी थोरली बहीण शेवंता घरी होती तोवर ढेकीवर ती असे आणि तिच्या पायाला जो ठेका होता तो आईलाही कधी साधला नाही. तिला मी शेवंताबाई म्हणायची. तिचं लग्न दादासाहेबांनी जमवलं होतं. ब्रह्मपुरीकडचं, त्यांच्याच दूरच्या नात्यातलं, भरपूर धानाचं घर. "पोरगी राज्य करेल," असं ते म्हणाले होते. पुढच्याच वर्षी ती सुजलेला चेहरा घेऊन आली. तेव्हा दादासाहेबांनी सासरच्यांना बोलावून समज दिली, स्वतः जामीन राहिले आणि तिला परत पाठवलं. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मंडळाची सभा होती, तिथे गेले.

नामदेवकाका कोरियाहून आला तो मोह पडायच्या दिवसांत. बाबांचा हा धाकटा भाऊ घरात कुणाला न सांगता कामठीला जाऊन फौजेत भरती झाला होता. लढाई थांबल्यावर परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांवर पहारा करायला आपल्या देशाने तिकडे फौज पाठवली, तिच्यात तो होता. काका उंच, वाळका, बोलायला मंद. घरी आल्यावर त्याने पहिली मागितली ती आंबील आणि जवसाची चटणी. आईने त्याच्यासाठी आयते, म्हणजे तांदळाची धिरडी केली होती, बोडीतले, आमच्या शेततळ्यातले झिंगे रांधले होते, पण तो आंबिलीचं भांडं दोन्ही हातांत धरून बसला आणि बराच वेळ नुसता वास घेत राहिला. "वहिनी, तिकडं मिशीवर बर्फ जमे," तो म्हणाला. "अन् मी ह्या आंबिलीचा विचार करत उभा राहो."

त्याचा सत्कार होणार हे उघडच होतं. ओसरीवर जाजम घातलं, आंब्याची पानं बांधली. दादासाहेबांनी त्याला हार घातला आणि स्वतःच्याच भाषणाला सुरुवात केली. बुद्ध झाले, अशोक झाला, मग आपला देश, मग चामोर्शी, आणि चामोर्शीत कोण हे त्यांनी विनयाने सांगितलं नाही. भाषणभर काका खाली मान घालून हारातल्या झेंडूच्या पाकळ्या चुरत होता. शेवटी त्याला बोलायला सांगितलं.

"काय सांगू जी," काका म्हणाला. "तारेच्या कुंपणात कैदी होते, बाहेर आमी होतो. त्याईनं आमाले गोटे मारले. ते ज्या बाजूचे होते तेही आमाले शिव्या देत, अन् ज्या बाजूले त्याईले जायचं होतं तेही देत."

लोक हसले. दादासाहेबांना ते आवडलं नाही. "पण नामदेव, तुम्ही गोळीबार करून जरब बसवली असेल ना?"

"नाई जी. मारायले नाई, आमी राखण करायले गेलो होतो."

टाळ्या वाजल्या नाहीत. गावाला पराक्रम हवा होता आणि हा गोटे खाल्ल्याचं सांगत होता. आजही माझा नातू टीव्हीवर परदेशातली लढाई लावतो तेव्हा ओसरीवरची तीच माणसं मला कोट घालून बसलेली दिसतात. नकाशावर काठी फिरवतात, तोफांची नावं घेतात, आणि एकाच्याही चेहऱ्यावर तिथली धूळ बसलेली नसते.

खरं काय घडलं ते काकाने स्वयंपाकघरात सांगितलं. आई भाकरी थापत होती, मी चुलीपाशी, तो उंबऱ्यावर. तो म्हणाला की कुंपणाच्या आत कैद्यांचेच दादा होते, आणि ज्याला घरी परत जावंसं वाटे त्याला ते तोंड उघडू देत नसत. एखादा वाकडं बोलला तर सकाळी उठतच नसे. म्हणून विचारणं कुंपणात व्हायचं नाही. एकेकाला वेगळ्या तंबूत न्यायचं, तिथे तिऱ्हाईत देशांची माणसं बसलेली असत, त्यांच्यासमोर विचारायचं. तंबूला दोन दारं होती. एका दाराने गेला तर घरी, दुसऱ्याने गेला तर नाही. "काही जण आत येऊन नुसते रडत," काका म्हणाला. "एका पोरानं माहा हातच धरून ठेवला. त्याची बोली मले समजे ना, माही त्याले. सोडवता सोडवेना." आईने तव्यावरची भाकरी जळू दिली. तिच्या मनात कोण आलं ते मला कळलं, काकालाही कळलं असावं, कारण उंबऱ्यावरून उठून त्यानेच ती भाकरी उतरवली.

काकाची सुटी संपायच्या आत, बाजाराच्या दिवशी, शेवंताबाई आली. डोंग्याने वैनगंगा ओलांडली होती, मग मोटार, मग कुणाच्या तरी तांदळाच्या बैलगाडीत. दुकानासमोर गिऱ्हाइकांची गर्दी होती आणि ती त्या गर्दीत पोहे घ्यायला आल्यासारखी पदर ओढून उभी राहिली. बाबांनी "किती देऊ बाई?" असं विचारल्यावर तिने तोंड वर केलं. बाबांच्या हातातलं माप पोत्यावर पडलं. आत नेऊन आईने तिची चोळी सोडवली. डाव्या दंडावर तापल्या उलथण्याचा डाग होता, लांबट, ताजा, कडेने पिकलेला. आईने खोबरेल तेल घेतलं आणि लावायचं कुठून ते न कळून तशीच बसून राहिली. शेवंताबाई म्हणाली, "आई, ढेकी बंद काऊन हाये? मी करू का?"

काकाने तिला दवाखान्यात नेलं. आमच्या दवाखान्यात तेव्हा एक नर्सबाई होत्या, सिरोंचाकडच्या, तेलुगू बोलणाऱ्या. त्यांचं मराठी तुटकं होतं आणि गावात कुणाशी नातं नव्हतं, त्यामुळे त्यांना कुणाची भीडही नव्हती. त्यांनी डाग धुतला, पट्टी बांधली आणि काकाला म्हणाल्या, "ये पहिला नाही. खाली जुना भी है."

तिसऱ्या दिवशी सासरची माणसं गाडी जुंपून आली. सासरा, नवरा आणि दोन धिप्पाड नातेवाईक. आमच्या घरी पाणीसुद्धा न पिता ते थेट दादासाहेबांच्या ओसरीवर जाऊन बसले. बाबांना बोलावणं आलं. आई आणि मी बाबांच्या मागून गेलो आणि अंगणात उभ्या राहिलो. ओसरीवर विश्वशांती मंडळ जवळजवळ पूर्ण हजर होतं.

"पोरगी हट्टी हाये जी," सासरा म्हणाला. "एखाद्या वेळी हात उठते. कोनाच्या घरी नाई उठत?"

हेडमास्तरांनी मान डोलावली. दादासाहेबांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि ठरावाच्या आवाजात बोलू लागले. "हे बघा, हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे. दुसऱ्याच्या घरात आपण ढवळाढवळ करणं योग्य नव्हे. मुलीच्या सुरक्षिततेची हमी मी देतो. आजच पाठवणी करा, म्हणजे वाद मिटला."

मी नंतर पुष्कळ आयुष्य शाळेत शिकवण्यात घालवलं, वर्तमानपत्रं वाचली. दूरच्या कुठल्याशा देशात माणसं जाळली जात असतात आणि त्या देशाचा वकील गळपट्टा नीट करत म्हणतो, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. त्या वेळी मला दादासाहेबांचा अडकित्ता ऐकू येतो. आणि ज्याला त्या देशाचं तेल किंवा बंदर हवं असतं, त्याला एकाएकी तिथल्या माणसांचा कळवळा येतो, तेव्हाही तोच ऐकू येतो.

काका ओसरीच्या पायरीवर उभा होता. तो म्हणाला, "मागच्या खेपेलेही आपनच जामीन होते ना जी?"

अडकित्ता थांबला.

"आपन जामीन राह्यले, अन् ती हातावर डाग घेऊन आली. तिथी काय चालू हाये ते जाऊन पाह्यलं होतं का एकदा तरी?"

"नामदेव," दादासाहेब म्हणाले, "तू सत्काराचा माणूस आहेस म्हणून ऐकून घेतो. तुझं म्हणणं काय?"

"माहं म्हननं एकच हाये. तिले विचारा."

"कुणाला?"

"शेवंताले."

ओसरीवर हसू फुटलं. "बाईमाणसाला काय विचारायचं?" हेडमास्तर म्हणाले. "सगळ्यांसमोर ती भीतीने काहीही बोलेल."

"म्हनूनच इथी नाई विचाराचं, गुरुजी. आपल्या मंडळानं ठराव केला होता ना, का कैद्याची मर्जी विचारल्याबिगर त्याले पाठवू नये? माह्या थोरल्या भावानं मले सांगितला."

"तो आंतरराष्ट्रीय प्रश्न होता," दादासाहेब म्हणाले.

"शेवंता गावची हाये म्हनून तिले कमी भेटन का जी?"

त्या दिवशी तालुक्याचे एक साहेब चहाला बसले होते आणि ते मान वर करून दादासाहेबांकडे पाहू लागले. तसं नसतं तर काय झालं असतं मला माहीत नाही. साहेबांसमोर आपलाच ठराव गिळणं दादासाहेबांना जड गेलं. शिवाय खात्री होतीच. सासरी नांदणार नाही असं कुठली पोरगी तोंडाने बोलते? त्यांनी हात झटकला. "विचारा. समाधान होऊ द्या तुझं."

विचारणार कोण, तर नर्सबाई. काकाने सासरच्यांना दवाखान्यासमोरच्या चिंचेखाली बसवलं, आम्हाला दुसऱ्या बाजूच्या विहिरीपाशी. दादासाहेब, साहेब आणि सगळं मंडळ ओसरीवरून उठून मागोमाग आलं होतं, साहेबांसाठी दवाखान्यातली खुर्ची बाहेर मांडली होती. आई आत जायला निघाली तर त्याने तिलाही अडवलं. "नाई वहिनी. तुमी बी नाई, मी बी नाई. आपन तिचे हावो, म्हनून तर नाई." शेवंताबाई एकटी आत गेली आणि दार लोटलं गेलं. विहिरीवरचा रहाट वाऱ्याने कुरकुरत होता. बाबा चप्पल काढून अनवाणी उभे होते, देवळासमोर राहावं तसे.

दार उघडलं तेव्हा नर्सबाई मागे राहिल्या आणि शेवंताबाई एकटी पायरीवर आली. पदर डोक्यावर होता पण तोंड झाकलेलं नव्हतं. "मी ब्रह्मपुरीले नाई जात," ती म्हणाली. आईने माझा हात दाबला. पण शेवंताबाईचं बोलणं संपलं नव्हतं. "अन् बाबाच्या घरीबी नाई राहात."

"काऊन व माय?" आई ओरडलीच.

"तुमी मले पुन्हा पाठवान. दुकान त्याईच्या जागेवर हाये, आई. तुमच्यानं नाई होत." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच बाबांना ते जास्त लागलं. "मी नर्सबाईपाशी राहीन. काम शिकीन."

"असं कुठे असतं?" दादासाहेब हसत म्हणाले. "एक तर सासर, नाहीतर माहेर."

"असते जी," काका म्हणाला. "तिकडंही थोडे असे निंघाले. ना इकडं, ना तिकडं. आमच्याच जहाजात आपल्या देशात आले ते."

तेवढ्यात नवरा उठला. तो चिंचेखालून सरळ पायरीवर आला आणि त्याने तिचा पट्टी बांधलेला दंडच पकडला. ती किंचाळली. काका मधे शिरला, त्याचं मनगट सोडवलं आणि तिच्यासमोर उभा राहिला. धिप्पाड नातेवाइकांपैकी एकाने बैल हाकायची काठी घेऊन त्याच्या खांद्यावर हाणली, मग कानशिलावर. काकाने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. त्याच्या कानामागून रक्त सदऱ्यावर उतरत होतं आणि तो दारातून हलत नव्हता. विश्वशांती मंडळाचे सगळे सभासद तिथे होते. हेडमास्तर चिंचेच्या शेंड्याकडे पाहत होते. एक दुकानदार विहिरीत डोकावत होता. आणि दादासाहेब, मी माझ्या कानांनी ऐकलं, म्हणाले, "दोन्ही बाजूंनी संयम राखा."

मी आयुष्यात त्याहून घाणेरडं वाक्य ऐकलेलं नाही. शिवी माणूस निदान कुणाला तरी देतो.

मग बाबा हलले. आमचे बाबा, सगळ्यांत मागे बसणारे. विहिरीपाशी पाठवणीसाठी बांधून आणलेलं शेवंताबाईचं गाठोडं होतं, ते त्यांनी उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. बाजारपेठेतला माणूस, डोक्यावर मुलीचं गाठोडं, अनवाणी, तो त्या सगळ्यांच्या मधून चालत गेला. काठीवाल्याच्या अंगावरून जाताना बाबांनी त्याला बाजूला व्हायलाही सांगितलं नाही, तो आपणच झाला. पायरी चढून त्यांनी गाठोडं नर्सबाईंच्या खोलीत ठेवलं आणि बाहेर येऊन काकाशेजारी उभे राहिले. मग आई गेली. मग मी गेले. साहेब खुर्चीवरून उठले आणि म्हणाले की आता पुरे, मुलीने सांगितलं आहे. एवढं बोलायला त्यांना इतका वेळ का लागला ते त्यांनाच माहीत. गाडी रिकामी परत गेली.

दादासाहेबांनी पावसाळ्याच्या तोंडावर दुकानाची जागा रिकामी करून घेतली. त्यानंतर बाबांनी टोपलीत पोहे घालून आठवडी बाजार केले, भिजले, आजारी पडले, आणि मंडळाच्या सभेला मात्र पुन्हा गेले नाहीत. दादासाहेबांनी चांद्याला कुठल्याशा परिषदेत भाषण केलं आणि आमच्या गावात एका स्त्रीची इच्छा विचारून तंटा कसा सोडवला ते सांगितलं. टाळ्या पडल्या म्हणे. काका पुढे वाळवंटातल्या एका सीमेवरही दोन फौजांच्या मधे उभं राहून आला. त्याला सत्काराचं बोलावणं आलं की तो शेतावर निघून जाई. मी एकदा त्याला विचारलं, की तुम्ही गेल्याने भांडणं मिटली का? तो म्हणाला, "नाई मिटली, वेणू. मधात उभे होतो तेवढा वेळ थांबली. तेवढ्यात कोनी निंघून गेलं असन तर गेलं." कानशिलावरच्या मारामुळे त्याला त्या बाजूने पुढे कमीच ऐकू येई.

शेवंताबाई नर्सबाईंच्या हाताखाली शिकली, मग नागपूरला परीक्षा दिली, आणि नोकरीचा बहुतेक काळ एटापल्लीच्या जंगलात काढला. गोंडी बोलायला शिकली. रात्री-अपरात्री नाले ओलांडून बाळंतपणाला जायची. लग्न पुन्हा केलं नाही आणि कुणी विषय काढला तर हसायची. म्हातारपणी ती माझ्याकडे राहायला आली. एकदा दुपारी आम्ही दोघी ताटात लाखोरीची डाळ निवडत बसलो होतो, तेव्हा मी इतक्या वर्षांनी विचारलं की त्या दिवशी दाराच्या आत काय झालं? दार तर लगेच उघडलं नव्हतं. बाहेर ते चौघे बसलेले, त्यांची भीती वाटत होती का?

तिने डाळीतला खडा वेचून बाजूला ठेवला. "त्याईची भीती तर रोजचीच होती व," ती म्हणाली. "नर्सबाईनं विचारलं, तुले काय पायजे. अन् मले पह्यले समजलंच नाई का हे मलेच विचारून राह्यली. मी वळून मांगं पाह्यलं, कोनी उभं हाये का म्हनून."